आर्किटेक्चर आणि ग्राफिक डिझाइनसाठी लॅपटॉप घेताना: नावाखालचे आकडे वाचा

माझा पहिला लॅपटॉप मी ग्राफिक्स कार्डाचं नाव वाचून घेतला. खोक्यावर 'आरटीएक्स' (एनव्हिडिया कंपनीच्या कार्डांचं नाव) लिहिलेलं होतं, तेवढ्यावर माझं समाधान झालं. पुढच्याच सेमिस्टरला एका घराच्या एलिव्हेशनला, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या बाजूच्या चित्राला, विटकरी रंग दिला. स्क्रीनवर तो फिका दिसत होता म्हणून थोडा चढवला, मग आणखी थोडा. ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायच्या, आदल्या रात्री ए१ शीट छापून हातात आली तेव्हा भिंत लालभडक झाली होती. प्रिंटर बिघडलाय असं समजून मी तीच शीट पुन्हा छापून घेतली. पुन्हा तोच लाल. प्रिंटर ठीक होता. माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनलाच तो रंग धड दाखवता येत नव्हता.

त्यानंतरची सगळी वर्षं प्लॅन, मॉडेल, रेंडर (मॉडेलवरून बनवलेलं खऱ्यासारखं चित्र) आणि जोडीला लोगो-पोस्टरचं काम मी लॅपटॉपवरच करत आले. ज्युनियर मुलंमुली नवा लॅपटॉप घेताना फोन करतात आणि प्रश्न दर वेळी तेच असतात: आय५ की आय७, १६ जीबी रॅम की ३२, मॅक की विंडोज? म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. जाहिरातीत आणि स्टिकरवर असतात ती नावं. काम चालतं ते त्या नावांखालच्या आकड्यांवर. ग्राफिक्स कार्डाला किती वॅट मिळतात, स्क्रीन किती टक्के रंग दाखवते, रॅमचे (चालू कामासाठीच्या मेमरीचे) स्लॉट किती, हे आकडे तुम्ही विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

१. आधी सॉफ्टवेअरची यादी करा

कागद घ्या आणि पुढच्या तीन-चार वर्षांत लागणारी सॉफ्टवेअर लिहून काढा. विद्यार्थी असाल तर वरच्या वर्षाच्या सीनियरना विचारा, कारण पहिल्या वर्षाला लागतं त्यापेक्षा तिसऱ्या वर्षाला लागणारं कितीतरी जड असतं. नोकरीत असाल तर ऑफिसमध्ये काय चालतं ते बघा. ही यादी झाली की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

रेव्हिट आणि थ्रीडीएस मॅक्स फक्त विंडोजवर चालतात. ल्युमियन प्रोचंही तसंच. यादीत यातलं एक जरी नाव असेल तर मॅकचा विचार तिथेच सोडा. 'मॅकवर विंडोज टाकून घेऊ' असं सांगणारे भेटतील. इंटेलच्या मॅकवर ते व्यवस्थित जमायचं, पण २०२० पासून अ‍ॅपलने स्वतःच्या चिप वापरायला सुरुवात केली आणि तो सरळ रस्ता बंद झाला. जे आडमार्ग उरले आहेत त्यांच्या भरवशावर सबमिशन करू नका.

ऑटोकॅड, स्केचअप, रायनो, आर्किकॅड, व्हेक्टरवर्क्स, ब्लेंडर, फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन ही दोन्हीकडे चालतात. कोरलड्रॉही २०१९ पासून पुन्हा मॅकवर आहे. फक्त ऑटोकॅडची मॅकवरची आवृत्ती विंडोजच्या तोडीची नाही. आर्किटेक्चरसाठीचा वेगळा टूलसेट तिच्यात मिळत नाही. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: आर्किटेक्चर मुख्य आणि डिझाइन जोडीला असेल तर विंडोज. फक्त ग्राफिक डिझाइन, छपाई, फोटो, थोडं मोशन असेल तर मॅक बिनधास्त घ्या. त्यांच्या स्क्रीन रंगाला भरवशाच्या असतात आणि चार्जर काढला तरी वेग पडत नाही. विंडोजवरच्या जड लॅपटॉपना हे दुसरं क्वचितच जमतं.

इथे एक नवा सापळा आहे. विंडोजचे काही पातळ, हलके लॅपटॉप आता स्नॅपड्रॅगन चिपवर येतात. बॅटरी दिवसभर टिकते आणि फोटोशॉप छान चालतं, त्यामुळे मोह होतो. पण ही चिप आर्म प्रकारची आहे आणि आर्किटेक्चरची जड सॉफ्टवेअर इंटेल-एएमडीच्या चिप डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली आहेत. रेव्हिट, रेंडर इंजिन, प्लगइन, जुन्या प्लॉटरचे ड्रायव्हर, यातलं काहीतरी हमखास अडतं. आर्किटेक्चरसाठी तो लॅपटॉप नको.

२. रॅम: ए१ शीटचा हिशेब

रॅम किती हवी हे मी सल्ल्याऐवजी हिशेबाने सांगते. ए१ शीट म्हणजे ५९४ बाय ८४१ मिलिमीटर. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) तिचे होतात साधारण ७०१६ बाय ९९३३ पिक्सेल, म्हणजे जवळपास ७ कोटी. प्रत्येक पिक्सेलला तांबडा, हिरवा, निळा मिळून ३ बाइट धरले तर पूर्ण भरलेला एकच लेअर २०० एमबीच्या वर जातो. प्रेझेंटेशन शीटवर असे दहा लेअर सहज होतात, की झाले २ जीबी. त्यावर फोटोशॉपची हिस्टरी, मागे उघडं ठेवलेलं स्केचअप, संदर्भाची चित्रं शोधायला उघडलेले ब्राउझरचे वीस टॅब, आणि हे सगळं सुरू होण्याआधीच विंडोजने घेतलेली जागा.

१६ जीबीवर काम होतं, पण एक बंद करून दुसरं उघडत बसावं लागतं. ३२ जीबीवर ही ओढाताण थांबते. मोठी रेव्हिट मॉडेल किंवा झाडाझुडपांनी भरलेले रेंडर करणार असाल तर ६४ जीबीचाही उपयोग होतो, पण ते विद्यार्थ्याच्या पहिल्या लॅपटॉपला गरजेचं नाही. ८ जीबीचा लॅपटॉप या कामासाठी घेऊच नका.

आता खरा प्रश्न: रॅम नंतर वाढवता येते का? काही लॅपटॉपमध्ये रॅमच्या पट्ट्या स्लॉटमध्ये बसवलेल्या असतात, काहींत चिप थेट बोर्डावर सोल्डर केलेल्या असतात. सोल्डर केलेली रॅम जन्मभर तेवढीच राहते. मॅकमध्ये ती नेहमीच अशी असते, आणि पातळ विंडोज लॅपटॉपमध्येही आता बहुतेक वेळा. दुकानात ठेवलेल्या लॅपटॉपवर हे एका मिनिटात कळतं. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा आणि खालचा 'फॉर्म फॅक्टर' वाचा. तिथे 'सोडिम' लिहिलं असेल तर पट्ट्या आहेत. 'रो ऑफ चिप्स' असेल तर सोल्डर आहे. त्याच्याच शेजारी किती स्लॉट वापरात आहेत तेही दिसतं.

बजेट ताणलेलं असेल तर माझा उपाय असा: १६ जीबीचा, पण दोन स्लॉट असलेला लॅपटॉप घ्या आणि वर्षभराने रॅम वाढवा. रॅम सोल्डर केलेली असेल तर मात्र पहिल्याच दिवशी ३२ घ्या. आणि दोन स्लॉटमध्ये १६ ची एकच पट्टी असण्यापेक्षा ८-८ च्या दोन असल्या तर वेग चांगला मिळतो, विशेषतः प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरत असाल तर. फक्त पुढे वाढवताना त्या दोन्ही काढाव्या लागतात, हे आधीच लक्षात असू द्या.

३. ग्राफिक्स कार्ड: एकच नाव, वेगवेगळी ताकद

नवीन माणूस सगळ्यात जास्त इथे फसतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

पहिला आकडा कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा, म्हणजे व्हीरॅमचा. रेंडरमधली प्रत्येक वीट, लाकूड, गवत यांचं टेक्स्चर तिथे जाऊन बसतं. ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचं एक टेक्स्चर उघडल्यावर ६४ एमबी जागा घेतं. अशी शंभर टेक्स्चर म्हणजे ६ जीबीच्या पुढे, आणि त्यात मॉडेलची भूमिती अजून धरलेलीच नाही. जागा भरली की रेंडर कमालीचा मंदावतो किंवा मध्येच बंद पडतो. लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०५० ला ६ जीबी व्हीरॅम आहे, ४०६० ला ८. आणि ४०७० लाही ८ च! डेस्कटॉपच्या ४०७० ला १२ जीबी असतात, पण लॅपटॉपमधलं कार्ड फक्त नावाला तेच आहे. त्याच्या पुढच्या पिढीत लॅपटॉपचं ५०७० पुन्हा ८ जीबीचं आहे आणि १२ जीबी हवे असतील तर ५०७० टीआय घ्यावं लागतं. म्हणजे व्हीरॅमची अडचण सोडवायला ४०६० सोडून ४०७० घेतलं तर पैसे जास्त जातात आणि अडचण जागच्या जागी राहते.

दुसरा आकडा वॅटचा. आरटीएक्स ४०६० लॅपटॉपमध्ये ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत बसवता येतं. लॅपटॉप किती पातळ ठेवायचा यावर कंपनी तो आकडा ठरवते. पातळ लॅपटॉपमध्ये गळा आवळून बसवलेलं ४०६० जाड लॅपटॉपमधल्या ४०५० च्या मागे पडू शकतं, आणि खोक्यावर मात्र ४०६० च लिहिलेलं असतं. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या तपशिलात हा आकडा 'टीजीपी' किंवा 'मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर' या नावाने शोधा. तो कुठेच दिलेला नसेल तर मी त्या लॅपटॉपबद्दल शंका घेते.

मग घ्यायचं कुठलं? ऑटोकॅड, स्केचअप आणि अधूनमधून रेंडर यांना ६ जीबीचं कार्ड चालतं. ल्युमियन, ट्विनमोशन, एन्स्केप या रेंडरच्या सॉफ्टवेअरवर रोज काम करायचं असेल तर ८ जीबी आणि चांगले वॅट. फक्त ग्राफिक डिझाइन करणाऱ्यांना वेगळं कार्ड बऱ्याचदा लागतच नाही. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स इलस्ट्रेटर-इनडिझाइनला पुरतं. तो पैसा त्यांनी स्क्रीनवर घालावा.

वर्कस्टेशन म्हणून विकले जाणारे लॅपटॉपही असतात. त्यांच्यातल्या व्यावसायिक कार्डांचे ड्रायव्हर ठरावीक सॉफ्टवेअरसाठी तपासून प्रमाणित केलेले असतात. मोठ्या ऑफिसला त्याचा फायदा आहे. शिकणाऱ्याने किंवा एकट्याने काम करणाऱ्याने साधं आरटीएक्स कार्ड घेऊन त्यावर एनव्हिडियाचा 'स्टुडिओ' ड्रायव्हर टाकावा. तो फुकट मिळतो आणि खेळांसाठीच्या ड्रायव्हरपेक्षा आपल्या कामात कमी त्रास देतो.

४. स्क्रीन: माझी विटकरी भिंत

स्क्रीनच्या माहितीत बहुतेक वेळा 'फुल एचडी, आयपीएस, अँटी-ग्लेअर' एवढंच असतं. खाली कुठेतरी बारीक अक्षरांत '४५% एनटीएससी' दिसलं की तो लॅपटॉप यादीतून काढून टाका. एनटीएससी हे १९५३ सालचं टीव्हीसाठीचं मोजमाप. आज वेबसाठी आणि रोजच्या डिझाइनसाठी आपण जो रंगपट वापरतो, तो एसआरजीबी, त्या मोजमापात साधारण ७२ टक्के भरतो. म्हणजे ४५ टक्केवाली स्क्रीन एसआरजीबीतले जेमतेम ६२-६३ टक्के रंग दाखवते. उरलेले तिला दाखवताच येत नाहीत; ती त्यांच्या जागी फिके, मातकट रंग दाखवते. फिका दिसतो म्हणून आपण रंग चढवतो, आणि छापून आल्यावर भिंत लालभडक होते.

'१००% एसआरजीबी' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. '७२% एनटीएससी' लिहिलं असेल तरी साधारण तीच जातकुळी, पण पहिलं लिहिलेलं असेल तर जास्त भरवसा. फोटो आणि छपाईचं काम गंभीरपणे करायचं असेल तर अडोबी आरजीबी किती टक्के हेही बघा. व्हिडिओ आणि मोशनसाठी डीसीआय-पी३. दोन्ही रंगपट एसआरजीबीपेक्षा मोठे आहेत. मात्र मोठा रंगपट असलेल्या स्क्रीनवर रंगांची शिस्त न पाळणाऱ्या साध्या प्रोग्रॅममध्ये सगळंच भडक दिसतं. अशा लॅपटॉपमध्ये स्क्रीन एसआरजीबीवर आणायची सोय असेल तर बरं.

उजेडाचा आकडा निट्समध्ये असतो. ३०० च्या खाली जाऊ नका. खिडकीजवळ बसून काम करणार असाल तर ४०० च्या आसपास हवेत.

आकार १६:१० चा बघा, १६:९ चा नको. १९२० बाय १०८० च्या जागी १९२० बाय १२०० मिळाले तर उंचीत १२० ओळी वाढतात. ऑटोकॅडची वरची रिबन आणि खालची कमांड लाइन जेवढी जागा खातात, त्यातली बरीचशी तिथे भरून निघते. २५६० बाय १६०० ची स्क्रीन असेल तर फुल एचडीच्या जवळजवळ दुप्पट पिक्सेल मिळतात; १४ ते १६ इंचांत मला तीच सगळ्यात सोयीची वाटते. १४ इंचांत ४के घेऊ नका. बॅटरी खाते, आणि जुन्या प्लगइनची बटणं इतकी बारीक दिसतात की नेम धरून क्लिक करावं लागतं.

ओएलईडी स्क्रीन बघताक्षणी आवडते. काळा रंग खरा काळा दिसतो. दोन गोष्टी मात्र बघून घ्या. एकच टूलबार वर्षानुवर्षं त्याच जागी राहिला तर त्याचा ठसा उमटायची शक्यता असते. आणि उजेड कमी केल्यावर काही ओएलईडी लुकलुकतात. ते डोळ्यांना जाणवत नाही, पण काहींचं डोकं दुखतं. तुम्हाला तसा त्रास असेल तर आयपीएस प्रकारचीच स्क्रीन घ्या. १४४ किंवा १६५ हर्ट्झ (सेकंदाला स्क्रीन तितक्या वेळा ताजी होते) खेळांसाठी असतात. आपल्या कामाला ६० पुरतात, त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

बाकी सगळं चांगलं आणि स्क्रीनच कमी, असा लॅपटॉप आधीच हातात आला असेल तर तो विकायची घाई नको. १००% एसआरजीबी असलेला २४ किंवा २७ इंचांचा आयपीएस मॉनिटर घेऊन रंगाचं काम त्यावर करा. मी दोन वर्षं तसंच काढलं. मोठ्या स्क्रीनवर प्लॅन आणि सेक्शन शेजारी शेजारी उघडे ठेवायची सवय लागली ती तेव्हापासूनच.

५. प्रोसेसर आणि स्टोरेज

प्रोसेसरवर लोक सगळ्यात जास्त भांडतात आणि माझ्या अनुभवात चूक इथेच सगळ्यात कमी होते. फक्त नावाच्या शेवटचं अक्षर वाचा. इंटेलमध्ये 'यू' म्हणजे बॅटरी वाचवणारा, 'एच' म्हणजे कामाचा, 'एचएक्स' म्हणजे त्याहून दणकट आणि तापटही. एएमडीमध्ये 'एचएस' आणि 'एचएक्स' कामाचे. 'यू'वाला आय७ जड कामात 'एच'वाल्या आय५ च्या मागे राहतो, आणि आय७ वर समाधान मानणाऱ्याला ते कधी कळतही नाही. ऑटोकॅड आणि रेव्हिटची बरीचशी कामं एकाच कोअरवर (प्रोसेसरच्या एका भागावर) चालतात, म्हणून भरमसाट कोअरपेक्षा एका कोअरचा वेग महत्त्वाचा. सगळे कोअर कामाला लागतात ते प्रोसेसरवर रेंडर करताना.

स्टोरेज एनव्हीएमई एसएसडीच (वेगवान प्रकारची ड्राइव्ह) हवं. ५१२ जीबी दोन वर्षांत भरतं. १ टीबी घ्या, नाहीतर दुसरा एम.२ स्लॉट मोकळा आहे का ते विचारा. असेल तर पुढे दुसरी एसएसडी घालता येते आणि आत्ता पैसे वाचतात.

६. वजन, चार्जर, कीबोर्ड, पोर्ट

१६ इंचांचा जड ग्राफिक्सचा लॅपटॉप सव्वादोन ते अडीच किलोंचा असतो. चार्जर वेगळा, आणि तोही अर्ध्या किलोच्या पुढे. शीटची नळी, मॉडेलचा खोका आणि पाठीवर हे ओझं घेऊन जिने चढून बघा. 'वजनाचं काय एवढं' असं मग म्हणणार नाही. तुमचा लॅपटॉप एकाच टेबलावर राहणार की रोज फिरणार हे ठरवा. रोज फिरणार असेल तर १४ इंच आणि घरी मॉनिटर ही जोडी उत्तम.

विंडोजचे जड लॅपटॉप पूर्ण ताकद फक्त चार्जर लावल्यावर देतात. मीटिंगमध्ये बॅटरीवर ल्युमियनचा वॉकथ्रू दाखवायचा बेत असेल तर चार्जर बरोबर न्याच. यूएसबी-सीने चार्ज होणारा लॅपटॉप असेल तर प्रवासात हलका चार्जर चालतो, पण रेंडरला मूळ चार्जरच लागतो.

ऑटोकॅडमध्ये दिवसभर मापं टाकायची असतात, त्यामुळे नंबरपॅड असलेला कीबोर्ड खूप वेळ वाचवतो. नसेल तर सुटा यूएसबी नंबरपॅड मिळतो. माउस मात्र पहिल्याच दिवशी घ्या, मधलं चाक दाबता येणारा. ऑटोकॅडमध्ये ते चाक दाबून धरून पॅन करायचं असतं, दोनदा दाबलं की पूर्ण ड्रॉइंग समोर येतं. स्केचअपमध्ये तेच दाबून मॉडेल फिरवतात. ट्रॅकपॅडवर आर्किटेक्चर शिकू पाहणाऱ्यांचे हात दुखतात आणि वेगही येत नाही.

पोर्टमध्ये एचडीएमआय एक आणि जुन्या पद्धतीचे यूएसबी निदान दोन असावेत. ज्युरीच्या प्रोजेक्टरसमोर उभं राहून कन्व्हर्टर शोधायची वेळ येऊ नये.

७. जुना लॅपटॉप घ्यायचा असेल तर

जुना घेणं मला अजिबात गैर वाटत नाही. मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेले डेल प्रिसिजन, एचपी झेडबुक, थिंकपॅड पी मालिकेतले लॅपटॉप दणकट असतात आणि त्यांची रॅम बऱ्याचदा बदलता येते. तपासायचं ते एवढं: इंटेल असेल तर प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, कारण विंडोज ११ त्याआधीच्या बहुतेक प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बायोसला (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगला) जुन्या मालकाचा पासवर्ड नको. मॅक असेल तर आधीच्या मालकाने आपल्या अ‍ॅपल खात्यातून तो तुमच्यासमोर काढायला हवा, नाहीतर पुढे तो उघडणारच नाही. मॅकच्या बॅटरीची सायकल, म्हणजे पूर्ण चार्ज किती वेळा वापरून झालाय तो आकडा, सिस्टिमच्या माहितीत दिसते. अलीकडच्या मॅकबुकच्या बॅटरी १००० सायकलसाठी बनवलेल्या असतात, त्यावरून किती आयुष्य उरलंय याचा अंदाज बांधा. आणि पावती घ्या. पावती नसलेला लॅपटॉप कितीही स्वस्त असला तरी नको.

८. घ्यायला जाताना सोबत काय न्यावं

एका पेन ड्राइव्हवर तुमच्या कामाच्या दोन-तीन फाइल ठेवा: ओळखीचं एक चित्र, ज्याचे रंग तुम्हाला छापील रूपात माहीत आहेत, एक जड पीडीएफ शीट, आणि करड्या रंगाची पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत जाणारी पट्टी. त्या चित्राची छापील प्रतही सोबत घ्या आणि दुकानातल्या स्क्रीनशेजारी धरून बघा. माझ्याकडे अजून ती लाल शीट आहे, तिचा कापलेला कोपरा मी घेऊन जाते. करड्या पट्टीत कुठे गुलाबी किंवा हिरवट झाक दिसते का, गडद टोकाच्या छटा एकमेकींत मिसळून जातात का, ते बघा. स्क्रीन थोडी तिरकी करा; रंग बदलला तर नको.

मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये तीन वेगवेगळ्या स्क्रीन येतात आणि दुकानात मांडलेला व हातात पडणारा वेगळा असू शकतो. क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. विंडोज सोबत येतं की नाही तेही विचारा. काही स्वस्त मॉडेल त्याशिवाय विकली जातात.

कागदपत्रांत पावती, वॉरंटीची नोंद आणि अपघाती नुकसानीचं संरक्षण घेतलं असेल तर त्याचा कागद. विद्यार्थ्यांनी संस्थेचं ओळखपत्र आणि प्रवेशाचा पुरावा (नाव, संस्थेचं नाव आणि तारीख दिसणारा) स्कॅन करून ठेवावा. ऑटोडेस्क पात्र विद्यार्थ्यांना आपली सॉफ्टवेअर एका वर्षासाठी फुकट देते आणि शिक्षण चालू असेपर्यंत दर वर्षी नूतनीकरण करता येतं, पण पुरावा मागते. ती परवानगी फक्त शिकण्यासाठी आहे. पैसे घेऊन केलेल्या कामाला ती चालत नाही. अडोबीचीही विद्यार्थ्यांसाठी सवलत असते. लॅपटॉपचं बजेट ठरवताना सॉफ्टवेअर, माउस आणि बॅकअपची बाहेरची ड्राइव्ह यांचे पैसे आधी बाजूला काढा.

९. परत करायची मुदत संपायच्या आत

लॅपटॉप घरी आला की सजवत बसू नका, त्याला राबवा. पांढरी, काळी, लाल, हिरवी, निळी अशी पूर्ण स्क्रीनभर चित्रं लावून मेलेले पिक्सेल शोधा. सिनेबेंच हे प्रोसेसरची परीक्षा घेणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं; ते दहा मिनिटं चालवा आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग बघत राहा. सुरुवातीला वेग चढतो, मग थोडा उतरून स्थिर होतो, हे ठीक आहे. अर्ध्यावर येऊन तिथेच बसला तर लॅपटॉपला स्वतःला थंड ठेवता येत नाहीये. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिमच्या माहितीत कार्डाचे वॅट दिसतात, ते जाहिरातीशी ताडून बघा.

एक सेटिंग आठवणीने करा. एका ज्युनियरचं स्केचअप नव्या लॅपटॉपवर सावली चालू केली की अडखळत होतं, आणि तो लॅपटॉप परत द्यायच्या तयारीत होता. आम्ही टास्क मॅनेजर उघडला तर आरटीएक्स कार्ड शून्य टक्क्यांवर निवांत, आणि सगळा भार प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर. विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जाऊन स्केचअपला 'हाय परफॉर्मन्स' दिलं. सावल्या घेऊन इमारत सुळकन फिरली. प्रत्येक जड सॉफ्टवेअरसाठी हे एकदा करून ठेवा.

विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की ड्राइव्ह बहुतेक वेळा आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होते. तिची रिकव्हरी की (ते कुलूप उघडायचा क्रमांक) कुठे साठवली आहे ते बघा आणि कागदावर उतरवून ठेवा. लॅपटॉप दुरुस्तीला गेला आणि की सापडली नाही तर सगळं काम आत अडकतं.

शेवटी स्क्रीन कॅलिब्रेट करा, म्हणजे तिचे रंग यंत्राने मोजून जुळवून घ्या. त्यासाठीचं यंत्र विकत घेण्याची गरज नाही, एखाद्या फोटोग्राफर मित्राकडून एक दिवसासाठी मागून आणा. ते मिळेपर्यंत मी करते ते करा: नेहमी लागणारे दहा-बारा रंग, वीट, काँक्रीट, लाकूड, गवत, आकाश, एका ए४ कागदावर चौकोनात मांडा, प्रत्येकाखाली त्याचे आकडे लिहा आणि ज्या प्रिंटरवर शीट छापता तिथेच तो छापून आणा. तो कागद स्क्रीनशेजारी भिंतीला चिकटवा. पुढच्या वेळी विटकरी रंग निवडताना आधी त्या कागदाकडे बघा, मग स्क्रीनकडे.